‘वेडी’ म्हणण्याआधी गोळ्यांचं पाकीट बघा

(बदनापूर येथे बचतगटांच्या बायका, आशा कार्यकर्त्या आणि संघटनेच्या मैत्रिणी यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या बैठकांत आपण नवऱ्याच्या माराबद्दल बोलतो, दारूबद्दल बोलतो, सातबाऱ्यावर बाईचं नाव का नाही यावर भांडतो. आज मला गोळ्यांबद्दल बोलायचं आहे. विषय सांगितला तेव्हा इथल्याच दोघीतिघी म्हणाल्या, ‘ताई, हे डॉक्टरांचं काम. आपल्या संघटनेचा काय संबंध?’ संबंध आहे. बाई वेडी आहे असं घरानं एकदा ठरवलं, की तिचं बोलणं, तिची लेकरं, तिचा हिस्सा सगळं कसं वाऱ्यावर जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. आणि कधी कधी ते ‘वेड’ उशाशी ठेवलेल्या पाकिटातून आलेलं असतं.

मी २७ वर्षं नर्सची नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं मेंदूच्या ऑपरेशनच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यावर बदनापूरला राहायला आले आणि संघटनेच्या सल्ला केंद्रात बसू लागले. वॉर्डात पेशंट दोन-तीन आठवडे दिसायचा. टाके काढले, नळ्या काढल्या, डिस्चार्ज कार्ड हातात दिलं, की आमचं काम संपलं. त्या कार्डाचं पुढं घरात काय होतं, ते इथं आल्यावर बघायला मिळालं.

आपलं गाव जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या मधल्या रस्त्यावर. ह्या रस्त्यानं आपल्याला बाजार दिला, पोरींना कॉलेज दिलं, आणि गावोगाव डोक्याला मार लागलेली माणसंही दिली. पुरुष गाडी चालवताना पडतो. बाई बहुतेक वेळा मागच्या सीटवरून पडते. एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी, पदर वाऱ्यावर. गतिरोधक आला, गाडी उडाली, की ती पाठीमागे डोक्यावर पडते. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, पण बाईसाठी हेल्मेट घेतलेलं घर मला तरी अजून भेटलेलं नाही. बाकीच्या बायका बांधकामावरून पडतात, पत्र्यावर वाळवण टाकताना पडतात. आणि काही पडतच नाहीत, त्यांना पाडलेलं असतं. केसपेपरवर मात्र ‘पायरीवरून पडली’ एवढंच येतं. त्यांच्याकडे मी नंतर येते.

हल्ली डोक्याला मार लागलेली माणसं पूर्वीपेक्षा जास्त वाचतात. १०८ ची गाडी येते, सीटी स्कॅन होतो, ऑपरेशन होतं. जीव वाचला म्हणून घरचे नारळ फोडतात. मग काही आठवड्यांनी हात छातीशी आखडायला लागतो, मूठ उघडत नाही, टाच जमिनीला टेकत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. कपडे बदलताना, लघवीची नळी बदलताना दोघी-दोघींना जोर लावावा लागतो. डॉक्टर याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. आपण म्हणू आखडणं. होतं असं, की मेंदूकडून मणक्यातल्या नसांना सतत एक निरोप जात असतो, ‘ढील दे, आवर.’ मेंदूला मार लागला की तो निरोप तुटतो. मग कासरा सुटलेल्या बैलासारखे स्नायू आपल्या मनानं ओढायला लागतात. नुसतं गार पाणी लागलं, पांघरूण ओढलं, तरी पाय ताठ.

यावर ज्या गोळ्या देतात त्यातल्या तीन नावं लक्षात ठेवा. बॅक्लोफेन, टिझानिडीन आणि डायझेपाम. पाकिटावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते सोडून द्या. औषधाचं खरं नाव त्याच्याजवळ छापलेलं असतं, ते वाचायचं. आपल्याला येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्यायचं.

बॅक्लोफेन १९६२ साली स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत तयार झालं, तेही फिट्ससाठी. फिट्सवर त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, पण आखडलेले स्नायू त्यानं सैल होतात असं दिसलं. तेव्हापासून ते याच कामाला आहे. औषध वाईट नाही, हे मी आधीच सांगते. त्या गोळीमुळं मूठ उघडून तळहात धुता आलेल्या बायका मी पाहिल्यात. अडचण अशी, की गोळी पोटात गेली की ती फक्त मणक्यात जाऊन थांबत नाही, रक्ताबरोबर मेंदूतही जाते. ज्याचा मणका दुखावलाय पण मेंदू धड आहे, असा माणूस ती बऱ्यापैकी सोसतो. ज्याच्या मेंदूलाच मार लागलाय, ज्याचं लक्ष, आठवण, भान आधीच काठावर आहे, त्याला तेवढीच गोळी जड जाते. झोप येते, गोंधळ उडतो, वेळकाळ कळत नाही, काहींना फार उदास वाटतं, काहींना भास होतात. हे मी मनचं सांगत नाही. औषधाबरोबर जो बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद छापतात त्यात हे लिहिलेलं आहे. आधीपासून मानसिक आजार किंवा भ्रम असेल तर जपून द्या, हेही त्यात आहे. पक्षाघाताच्या पेशंटना ते नीट सोसत नाही, हेही आहे.

टिझानिडीनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तर आकडाच दिलाय. दोन अभ्यासांतल्या १७० पेशंटपैकी ५ जणांना नसलेल्या गोष्टी दिसल्या किंवा खोट्या समजुती झाल्या. सगळं पहिल्या सहा आठवड्यांत. आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला दिसतंय ते खरं नाही, हे कळत होतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी जिची गोष्ट सांगणार आहे तिच्या बाबतीत सगळं यावरच अडलं होतं.

नाव, गाव सांगत नाही. तिशीतली बाई, दोन लेकरं. मोटारसायकलवरून पडली, ऑपरेशन झालं, वाचली. तीन महिन्यांनी उजवी बाजू आखडायला लागली तेव्हा एका डॉक्टरांनी बॅक्लोफेन सुरू केलं. पाय रात्री फार ओढतात म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी टिझानिडीन रात्रीसाठी वाढवून दिलं. पहिलीच्या कागदावर दुसरी नाही, दुसरीच्या कागदावर पहिली नाही. पंधरा-वीस दिवसांनी दिवेलागणीला तिला दारात एक माणूस उभा दिसायला लागला. काही बोलायचा नाही, नुसता उभा. तिनं सासूला सांगितलं. सासूनं मुलाला सांगितलं.

आता बघा, एकाच भासाचे त्या घरात दोन अर्थ झाले. सासू म्हणाली, बाहेरचं झालं. नवरा म्हणाला, कोण माणूस येतो दारात? अंगावर अर्धी बाजू लुळी, न्हाणीत जायला धरावं लागतं, त्या बाईच्या चालीचा संशय. तिसरा अर्थ, म्हणजे औषधाचा परिणाम, हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. कुठून असणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तिला बाहेरचं बघणाऱ्या एकाकडे नेलं. त्यानं सांगितलं, दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्याबिगर हे उतरायचं नाही. त्याच दिवशी सगळ्या गोळ्या बंद. दुसऱ्या दिवशी रात्री तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप भडकला, वात झाल्यासारखी बडबड सुरू झाली. भिंतीवरून माणसं उतरतात म्हणून ओरडायला लागली. तिसऱ्या दिवशी फिट आली. घरात म्हणायला लागले, बघा, आतलं जोर करतंय. तिच्या भावाला कळलं म्हणून बरं. त्यानं गाडी आणली, तिला दवाखान्यात नेलं, आणि शहाणपणा असा केला, की उशाशी होते नव्हते तेवढे कागद आणि पाकिटं रुमालात बांधून बरोबर घेतली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रुमाल सोडला, दोन मिनिटं बघितलं, आणि विचारलं, ‘ही गोळी कधी बंद केली?’

बॅक्लोफेन एकदम बंद केलं, की एक ते तीन दिवसांत असंच होतं. भास, घबराट, ताप, फिट्स, आधीपेक्षा दुप्पट आखडणं. यात जीव जाऊ शकतो. म्हणून ती गोळी बंद करायची तर एक-दोन आठवडे लावून, थोडी थोडी कमी करत, तीही डॉक्टरच्या सांगण्यानं. डायझेपामचंही तेच, फार दिवस घेतलेली एकदम सोडायची नाही. आणि टिझानिडीन एकदम सोडलं तर रक्तदाब उसळू शकतो. तिला बॅक्लोफेन पुन्हा सुरू केलं, टिझानिडीन हळूहळू काढलं. भास गेले.

मी नंतर तिच्या माहेरी गेले तेव्हा तिला विचारलं, तुला तो दारातला माणूस खरा वाटायचा का गं? ती म्हणाली, ‘नाई वं बाई. मला माहीत होतं तिथं कोनी नाई म्हणून. डोळे मिटून उघडले की जायचा. पर दिसायचा. मला कोनी इचारलंच नाई.’

घरानं विचारलं नाही, हे एकवेळ समजू. पण दोन दवाखान्यांच्या चार फेऱ्यांत तपासणाऱ्यानं एकदाही तिच्याकडे बघून, ‘काही दिसतं का, ऐकू येतं का, मन कसं आहे,’ असं विचारलं नाही. प्रश्न सगळे नवऱ्याला. ‘झोप लागते का हिला? खाते का?’ ती समोर खुर्चीत बसलेली.

पुढचं ऐका. ती बरी झाली, आणि त्यानंतर महिन्याभरात नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. बायको मनोरुग्ण आहे, घटस्फोट हवा. पुरावा म्हणून त्या चार दिवसांतले शेजाऱ्यांचे अनुभव. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराचं कारण आहे, हे खरं. पण त्यात विकार अशा प्रकारचा आणि इतका असावा लागतो, की जोडीदारानं बरोबर राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. नुसतं निदान दाखवून भागत नाही, विकार किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितलं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातही म्हटलंय, की एखाद्याला मानसिक आजार आहे असं ठरलं तरी तेवढ्यावरून तो ‘भ्रमिष्ट’ ठरत नाही, ते ठरवायचं काम न्यायालयाचं. आणि इथं तर आजारच नव्हता, औषध होतं. आपण नोटिशीला उत्तर पाठवलं. गोळी कधी सुरू, दुसरी कधी वाढवली, भास कधी, गोळ्या कधी आणि कोणी बंद केल्या, फिट कधी, सगळं तारीखवार. त्यानंतर कोर्टाचा कागद आलेला नाही. बाई माहेरी आहे. मुलगा तिच्याजवळ आहे, मुलगी अजून सासरी ठेवून घेतलीय. ते काम चालू आहे.

त्या उत्तराला जोर आला तो तारखांमुळं. म्हणून ज्या घरात असा पेशंट आहे तिथं शंभर पानी वही ठेवायला सांगा. गोळी सुरू केली ती तारीख, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. वाढवली किंवा कमी केली तर ती तारीख. आणि स्वभावात, झोपेत, बोलण्यात काही नवीन दिसलं तर तेही, वेळेसकट. दुपारची गोळी घेतल्यावर दोन तासांनी रडू येतं का? रात्रीच्या गोळीनंतर भास होतो का? पंधरा दिवसांची वही डॉक्टरपुढं ठेवली, की त्याला टाळता येत नाही. सगळं गोळीवर ढकलायचं नाही, हेही सांगते. मेंदूच्या मारानंही माणसाचा स्वभाव बदलतो. १८४८ साली अमेरिकेत फिनिआस गेज नावाच्या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण ओळखीचे लोक म्हणायला लागले की हा पूर्वीचा माणूसच नाही. फिट्ससाठी देतात त्या लेव्हेटिरासेटम नावाच्या गोळीनंही काहींना भलती चिडचिड होते, राग येतो. तीही आपल्या मनानं बंद करायची नाही. नेमकं कशामुळं काय झालं ते डॉक्टर ठरवील. पण त्याच्या हातात तारखा आपण द्यायच्या.

गोळ्या एकदम बंद होण्याचं कारण दर वेळी बाबा-बुवा नसतं, बरं का. आपल्याकडं जास्त वेळा पैसा असतो. कापूस विकला गेला नाही, मजुरी उशिरा मिळाली, गावच्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती, उद्या जालन्याला जाऊ म्हणता म्हणता चार दिवस गेले. पाकिटात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणायला निघायचं, हे आशाताईंनी त्या घरात सांगून ठेवावं. बचतगटानं असल्या घराला दोनशे-चारशे रुपये तातडीनं द्यायची सोय ठेवली तर कर्जवाटपाचं पुस्तक काही बिघडत नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या बायकांची. टिझानिडीन आणि गर्भनिरोधक गोळ्या एकत्र घेतल्या, की टिझानिडीन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साठून राहतं आणि त्याचा जोर वाढतो. पाळणा लांबवायची गोळी चालू आहे का, हे त्या बाईला कोण विचारतो? अर्धांग झालेल्या बाईला संसार असेल, हेच कुणाच्या मनात येत नाही. विचारत नाहीत म्हणून आपण होऊन सांगायचं. दुसरं, सिप्रोफ्लॉक्सासिन. लघवीची नळी असलेल्या पेशंटला ताप येतो, गावातला डॉक्टर ‘सिप्रो’ लिहून देतो. सिप्रो आणि टिझानिडीन एकत्र चालतच नाही. रक्तात टिझानिडीन दहापट वाढलेलं अभ्यासात दिसलंय. पेशंटचा रक्तदाब उतरतो, तो गळाठतो, गुंगीत जातो, आणि घरचे म्हणतात तापानं झालं. बॅक्लोफेनचा बराचसा भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर जातो, म्हणून किडनी अधू असेल तर थोडी गोळीही साठते आणि माणूस भ्रमात जातो. साखरेच्या जुन्या पेशंटच्या बाबतीत ही आठवण ठेवा.

आणि दारू. गंमत अशी, की हीच बॅक्लोफेनची गोळी दारू सोडवायलाही देतात. फ्रान्समध्ये ऑलिव्हिए अमेझां नावाच्या डॉक्टरानं ती स्वतःवर वापरून २००८ मध्ये पुस्तक लिहिलं, २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं त्या वापराला परवानगी दिली. आपल्याकडेही काही डॉक्टर देतात. म्हणजे तुमच्या घरात कुणी आखडलेलं नसलं तरी हे पाकीट असू शकतं. गोळी घेऊन वर दारू प्यायली, तर गुंगी इतकी चढते की श्वास मंदावतो. चहात मिसळून गुपचूप देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

यानंतरची गोष्ट अवघड आहे आणि माझ्याजवळ तिचं सोपं उत्तर नाही. केंद्रात एक बाई आली. नवऱ्याला अपघात झालेला, ती त्याचं सगळं करते. गोळ्या वाढवल्यावर तो रात्री तिला ओळखीनासा झाला. ‘तू कोण, माझ्या घरात काय करतेस?’ म्हणून धड असलेल्या हातानं मारायचा. गळा धरला एकदा. आमच्यात दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, मार तो मार, तक्रार करा. दुसरीचं, आजारी माणूस आहे, तिनं सांभाळून घ्यावं. मला दुसरं बोलणं अजिबात मान्य नाही. सांभाळून घे हे बाईला हजार वर्षं सांगून झालंय. तो अपघाताआधी मारायचा का, हे मी तिला पहिल्यांदा विचारलं. मारत नव्हता, म्हणाली. अशा वेळी आधी तिची सोय. रात्री ती आणि लेकरं दुसऱ्या खोलीत, कडी आतून, त्याच्याजवळ त्याचा भाऊ झोपेल. भाऊ कुरकुरला. त्याला सांगितलं, तुझा सख्खा भाऊ आहे, आजवर एक रात्र तरी जागलास का? आणि त्याच आठवड्यात वही घेऊन डॉक्टरकडे. गोळी कमी केल्यावर भ्रम गेला, पण पाय पुन्हा जास्त आखडायला लागले. आता दोन्हींच्या मध्ये कुठं थांबायचं, हे ते अजून शोधताहेत. आधीपासून मारणारा नवरा ‘गोळीमुळं झालं’ म्हणेल, तेव्हा त्याचं ऐकायचं नाही. वही तिथंही खरं सांगते.

मी मघाशी म्हटलं, काही बायकांना पाडलेलं असतं. नवऱ्यानं डोकं भिंतीवर आपटलं, ती महिनाभर दवाखान्यात, मग घरी आखडलेली, गोळ्यांच्या गुंगीत. पोलीस जबाब घ्यायला येतात तेव्हा ती वार चुकवते, गावाचं नाव विसरते, छतावर मुंग्या दिसतात म्हणते. झालं, सासरचे म्हणायला मोकळे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, मारहाणीचंही असंच बरळते. साक्ष देण्याचा कायदा असं म्हणत नाही. जुन्यातही नव्हतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाही. प्रश्न कळून सुसंगत उत्तर देता येत असेल तर मनोरुग्ण माणूससुद्धा साक्षीदार होऊ शकतो. तेव्हा आग्रह धरायचा, की डॉक्टरनं ती जबाब द्यायच्या स्थितीत आहे का ते आधी लिहून द्यावं. गुंगीत असेल तर औषधाचं प्रमाण बघून, ती भानावर असेल त्या वेळी पुन्हा जबाब घ्यावा. सकाळी गोळीच्या आधी बहुतेक जणी जास्त सावध असतात. कार्यकर्तीनं हे पोलिसांना लेखी द्यावं, तोंडी नाही.

माहिती मागणं हे काही आपण आज सुरू करत नाही. नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्यांत बायकांना धड माहिती न देताच टोचत होते, म्हणून १९८६ मध्ये स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ईपी गोळ्यांविरुद्धही आपल्या चळवळीनं वर्षानुवर्षं लढा दिला आणि १९८८ मध्ये बंदीचा हुकूम निघाला. मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर ‘उपचाराचे माहीत असलेले दुष्परिणाम’ पेशंटला समजेल अशा भाषेत सांगायचा हक्क लिहिलेला आहे. हाडाच्या, मेंदूच्या आणि मनाच्या डॉक्टरांनी मेंदूच्या पेशंटला वेगवेगळा कायदा लावायचं कारण नाही. आपली मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी हव्यात: ही गोळी कशासाठी, हिनं मनावर काय होऊ शकतं, आणि ही एकदम बंद करू नका. रबरी शिक्का बनवला तरी चालेल. निवेदन तयार आहे, सह्यांसाठी फिरवतेय.

औषधाचा त्रास झाला तर तो सरकारला कळवताही येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम देशात २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा बिनपैशाचा फोन. पेशंट किंवा घरचे स्वतः कळवू शकतात. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला १४४१६, बाईला मारहाण होत असेल तर १८१. लिहून घ्या, मी थांबते.

शेवटी कामाचं एक. पाय एकाएकी जास्त आखडले तर आधी गोळी वाढवून मागू नका. अंगाखाली हात घालून बघा. पाठीला जखम झालीय का, लघवीची नळी तुंबलीय का, चार दिवस शौचाला झालेलं नाही का, अंगठ्याचं नख मांसात घुसलंय का. पेशंटला सांगता येत नाही, आणि दुखऱ्या नखानंसुद्धा पाय ताठ होतो. ते बरं केलं की आखडणं पुष्कळदा उतरतं, आणि जास्तीची गोळी पोटात जायची वाचते. रोज सकाळ-संध्याकाळ सांधे हळूहळू ताणायचे, झटका न देता, ताणून थोडा वेळ धरून ठेवायचं. हे काम कुणाच्या अंगावर पडतं ते सांगायला नको. सुनेनं सासऱ्याचं करायचं, बायकोनं नवऱ्याचं, आणि ती स्वतः पडली तर तिचं कुणीच नाही. दोन्ही वेळा घरातल्या पुरुषांची पाळी लावा. ताणायला बळ लागतं, आणि बळाचा अभिमान त्यांनाच जास्त आहे.

आता उठून पुढं या. ज्यांनी घरून पाकिटं आणलीत त्यांची नावं वाचून बघू.